मागल्या तारखेचा कर आणि समोरचा कॅमेरा



मागच्या बैठकीत जागाभाड्याच्या फरकाची नोटीस वाचून दाखवली, तेव्हा काय झालं ते हजर असलेल्यांनी पाहिलंच. दर वाढला यंदा, पण फरक मागितलाय मागच्या चार वर्षांचा. नोटीस वाचून संपायच्या आत मागून एकजण उठला. आपल्यातलाच तरुण, नाव घेत नाही. म्हणाला, "काका, निवेदनं बस झाली आता. चॅनलवाल्यांना बोलवूया. जेटीवर कॅमेरा लागला की संध्याकाळपर्यंत साहेबांचा फोन येतो की नाही बघा." टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. मी तेव्हा बोललो नाही, कारण उभं राहून दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. लांब आहे, पण वाचा. जाळं शिवता शिवता कुणाकडून वाचून घेतलंत तरी चालेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मागल्या तारखेपासून पैसे मागणं चूक आहे आणि त्याविरुद्ध भांडलंच पाहिजे. पण या भांडणात आपला मुद्दा असतो तारखेचा. कॅमेरा आला की मुद्दा होतो माणसाचा. हा नियम कधी केला, हे विचारायचं राहून जातं आणि हा माणूस कसा आहे, किती कमावतो, आधीचं तरी भरलंय का, यावर चर्चा सुरू होते. तिथे गरीब माणूस हरतो, आणि श्रीमंत माणूस तर बोलायच्या आधीच हरलेला असतो.

आता कुणी म्हणेल, भाडं म्हणजे काही कर नव्हे. बरोबर आहे. पण गाठ तीच आहे. आपला व्यवहार बघा. ट्रॉलर बंदरात आली, मासळी उतरली, लिलाव झाला. डिझेल, बर्फ, रेशन वजा झालं, मालकाचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशांचा वाटा झाला. खलाशी आपल्याकडे बरेचसे ओडिशाचे, झारखंडचे. हंगाम संपला की पैसे घेऊन गावी गेले. चार वर्षांनी कुणी सांगितलं की त्या मासळीवर अमुक टक्के जास्त द्यायचे होते, तर ते टक्के आणायचे कुठून? वाटा वाटून झालेला असतो. ज्याच्या हातात कागद सापडतो, त्याच्याच खिशातून ते जाणार. आधी कळलं असतं तर भाव वेगळा लावला असता, खर्च वेगळा केला असता, नाहीतर धंदाच वेगळा केला असता. मागल्या तारखेचा कर म्हणजे नुसता जास्तीचा कर नव्हे. तेव्हा विचार करून वागण्याची जी संधी होती, ती काढून घेणं हा त्यातला खरा अन्याय आहे.

आपल्या देशात या विषयाचं सगळ्यांत मोठं भांडण झालं ते व्होडाफोनचं. २००७ साली या कंपनीच्या नेदरलँड्समधल्या शाखेने केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर विकत घेतला आणि त्यातून हचिसन एस्सार या इथल्या मोबाइल कंपनीतला मोठा हिस्सा तिच्याकडे आला. खरेदी परदेशात, विकणारा परदेशी, घेणाराही परदेशी. आयकर खातं म्हणालं, मालमत्ता इथली आहे, कर द्या. मागणी सुमारे ११ हजार कोटींची. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू घेतली. २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. दोन महिनेही झाले नाहीत, तोच मार्चच्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कायद्यात दुरुस्ती मांडली. दुरुस्ती लागू कधीपासून? १ एप्रिल १९६२ पासून. म्हणजे गोवा मुक्त होऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हापासून.

त्या दुरुस्तीची भाषा आठवणीत ठेवण्यासारखी आहे. नवा कर लावतोय असं तिथे म्हटलेलंच नाही. 'शंका दूर करण्यासाठी' हे स्पष्ट करण्यात येत आहे, असं म्हटलंय. म्हणजे कायदा पहिल्यापासून हाच होता, तुम्हालाच कळला नव्हता. मागल्या तारखेची वसुली करणारा कधीच तिला मागल्या तारखेची म्हणत नाही. आपल्या नोटिशीतही शब्द 'फरक' आहे, बघा. फरक म्हटलं की वाटतं, आपलंच काहीतरी द्यायचं राहिलेलं असणार.

पुढे केर्न कंपनीचंही तसंच झालं. तिने २००६ मध्ये केलेल्या अंतर्गत फेररचनेवर २०१५ मध्ये दहा हजार कोटींहून जास्त मागणी आली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात भारत सरकार दोन्हीकडे हरलं. केर्नने तर २०२१ मध्ये फ्रान्सच्या न्यायालयातून पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आणणारा आदेश मिळवला. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने नवा कायदा करून या मागण्या मागे घेतल्या. एकूण १७ प्रकरणं होती, परत द्यायची रक्कम सुमारे ८१०० कोटी, तीही व्याजाशिवाय आणि सगळे दावे मागे घेण्याच्या अटीवर. नऊ वर्षांत 'टॅक्स टेररिझम' हा शब्द वर्तमानपत्रांत इतका छापून आला की सगळ्यांना पाठ झाला. पण दुरुस्ती गेली ती त्या शब्दामुळे नाही, ती लवादामुळे आणि पॅरिसच्या फ्लॅटांमुळे गेली, असं माझं मत आहे. लोकांनी आपल्याबद्दल हळहळावं, याची त्या कंपन्यांना गरज नव्हती. आपल्याला मात्र ना हेगचा लवाद, ना पॅरिसचे वकील. आपल्याकडे आमदार, मंत्री, कोर्ट आणि लोकांचं मत एवढंच. म्हणूनच लोकांचं मत आपण कसं हाताळतो, याला महत्त्व आहे.

लहान माणसांनी ही लढाई कशी लढली ते बघायचं तर इंग्लंडकडे बघावं लागतं. तसंही आपल्या गोव्यातल्या किती घरांतलं कुणी ना कुणी स्विंडनला, साउथहॉलला आहे, तेव्हा तो देश काही फार लांबचा नाही. तिथल्या भांडणाचं नाव 'लोन चार्ज'.

झालं असं. तिथे एजन्सीमार्फत किंवा कंत्राटावर काम करणारे बरेच लोक आहेत. संगणकवाले, नर्स, सोशल वर्कर. त्यांना काही मध्यस्थ कंपन्यांनी एक योजना विकली. पगार थोडाच दाखवायचा, उरलेले पैसे एका ट्रस्टमार्फत 'कर्ज' म्हणून द्यायचे. कर्ज हे उत्पन्न नसतं, म्हणून कर नाही. ते कर्ज कुणी फेडायचं नव्हतंच. वकिलांची मतं जोडलेली, सल्लागार सांगतोय कायदेशीर आहे, काही ठिकाणी तर एजन्सीच म्हणायची, काम पाहिजे तर याच मार्गाने पैसे घे. खात्याला यातलं बरंच माहीत होतं. वर्षानुवर्षं चौकशी उघडायची आणि तशीच ठेवायची, असं चाललं.

मग २०१६ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि २०१७ मध्ये कायदा. ६ एप्रिल १९९९ नंतर घेतलेलं आणि ५ एप्रिल २०१९ ला न फेडलेलं सगळं कर्ज त्या एकाच वर्षाचं उत्पन्न धरायचं. वीस वर्षांचे पैसे एका वर्षात! दरवर्षी खालच्या टप्प्यात बसला असता तो माणूस एका झटक्यात वरच्या टप्प्यात. सुमारे पन्नास हजार लोक यात सापडले. सरकारचं म्हणणं, हा कर मागल्या तारखेचा नाहीच. कर्ज २०१९ मध्ये शिल्लक आहे, कर २०१९ चा आहे. पुन्हा तोच शब्दांचा खेळ.

या लोकांना कोर्टाचा फारसा आधार नव्हता. त्याआधी २००८ मध्ये तिथे आणखी एक कायदा झाला होता. 'आयल ऑफ मॅन'च्या भागीदारीतून कर वाचवणाऱ्यांसाठी. त्यात सरळ लिहिलं होतं की ही तरतूद पहिल्यापासूनच लागू होती असं मानावं. एक करदाता त्याविरुद्ध कोर्टात गेला. २०१० मध्ये हरला, २०११ मध्ये अपिलातही हरला. संसदेने मागल्या तारखेचा कायदा करायचा ठरवला तर तिथली न्यायालयं सहसा आड येत नाहीत, हे त्यातून कळलं. मग उरली संसद. आणि संसदेला हलवायचं तर वर्तमानपत्रं.

इथे त्यांची पंचाईत झाली. कारण वर्तमानपत्रांत त्यांचा चेहरा आधीच तयार होता, आणि तो त्यांचा नव्हता. जून २०१२ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ने जिमी कार या प्रसिद्ध विनोदी कलाकाराची बातमी छापली. त्याने 'के-टू' नावाच्या योजनेतून, जर्सी बेटामार्गे, अशाच कर्जाच्या वाटेने पैसे घेतले होते. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जाहीरपणे त्याला नैतिकदृष्ट्या चूक म्हटलं. कारने माफी मागितली, योजनेतून बाहेर पडला. बातमी चार दिवसांत संपली, पण लोकांच्या डोक्यात एक चित्र राहून गेलं. कर्जाची योजना म्हणजे टीव्हीवरचा लखपती, टक्काभर कर भरून हसतोय. पाच-सात वर्षांनी एखादी हॉस्पिटलातली नर्स सांगायला आली की मला माझ्या एजन्सीने यात घातलं, तेव्हा ऐकणाऱ्याला नर्स दिसत नव्हती, जिमी कार दिसत होता. त्यात सरकारी कागदोपत्री या सगळ्याचं नाव पडलं 'डिसगाइज्ड रेम्युनरेशन', म्हणजे वेष पालटलेला पगार. ज्याचं नावच असं, त्याच्या बाजूने बातमी कशी लिहायची?

तरी ते लढले, आणि कसे लढले ते बघण्यासारखं आहे. आपला गट केला. एकेका मतदारसंघातून आपल्या खासदाराला पत्रं, भेटी. पक्ष न बघता खासदारांचा एक गट तयार झाला. डिसेंबर २०१८ मध्ये लॉर्ड्सच्या अर्थविषयक समितीने कर खात्याच्या अधिकारांवर अहवाल दिला, त्यात लोन चार्जवर कडक टीका होती. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारला सर एमियस मोर्स यांच्याकडे चौकशी द्यावी लागली. त्यांचा अहवाल डिसेंबरात आला. त्यांनी तारखेवरच बोट ठेवलं. ९ डिसेंबर २०१० च्या आधी या योजनांबद्दलचा कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता, म्हणून त्याआधीची कर्जं यातून वगळा. सरकारने ते मान्य केलं आणि हजारो लोक एका दिवसात सुटले. पण अल्प उत्पन्नवाल्यांची बाकी दहा वर्षांनी माफ करा, ही शिफारस नाकारली. पुढे २०२५ मध्ये रे मॅककॅन यांची आणखी एक चौकशी झाली, तिने उरलेल्यांसाठी सवलती सुचवल्या आणि बहुतेक मान्य झाल्या. म्हणजे पहिल्या घोषणेपासून नऊ वर्षं.

मोर्स अहवालात जे जिंकलं ते तारखेच्या मुद्द्यावर जिंकलं, हे लक्षात घ्या. कायदा कधी स्पष्ट झाला, हा प्रश्न त्यांनी विचारला. वर्तमानपत्रांत मात्र ही नऊ वर्षं बहुतेक वेळा दोनच प्रकारच्या बातम्या. एक, करबुडव्यांना दणका. दोन, कर्जबाजारी कुटुंब, घर विकायला काढलेलं, बाई रडतेय.

दुसऱ्या प्रकारच्या बातमीबद्दल थोडं सविस्तर बोलायला पाहिजे, कारण आपल्या पोरांच्या मनात तीच आहे. ती आपल्या बाजूची वाटते. पण तिची किंमत कोण देतं? नाव, फोटो, गाव, थकबाकीचा आकडा, सगळं छापलं जातं. कर खातं एकेका माणसाबद्दल बोलत नाही, गोपनीयतेचा नियम असतो. त्यामुळे बातमीच्या शेवटी खात्याचं एक ठरलेलं वाक्य येतं की प्रत्येकाने आपला योग्य कर भरलाच पाहिजे, बहुतेक लोक भरतात. माणूस आपलं घर उघडून दाखवतो, समोरचा एक वाक्य फेकून जातो, आणि वाचकाला ते वाक्य पटतं, कारण वाचक स्वतः कर भरत असतो. खाली प्रतिक्रियांत शेजारपाजारचे, ओळखीचे लिहितात, मजा मारली तेव्हा नाही कळलं का? त्या कुटुंबातल्या मुलांच्या शाळेतही ते वाचलं जातं. या योजनांत अडकलेल्या दहा जणांनी आपलं आयुष्य संपवलं, हे तिथल्या कर खात्यालाही मान्य करावं लागलं. बातम्यांमुळे तसं झालं असं मी म्हणत नाही, मला तसं म्हणायचा अधिकार नाही. पण आधीच मोडलेल्या माणसाला चौकात उभं करताना दोनदा विचार करायला हवा, एवढं तरी म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट. बातमी गाजली की गिधाडं येतात. इंग्लंडात लोन चार्जची चर्चा वाढली तशा 'आम्ही तुम्हाला यातून सोडवतो' म्हणणाऱ्या नव्या योजना बाजारात आल्या. खात्याला त्याविरुद्ध जाहीर इशारे काढावे लागले. ज्या माणसाचं नाव आणि आकडा पेपरात आलाय, त्याचा फोन आधी वाजणार.

इतक्या लांब कशाला, आपल्याकडचं सहकाराचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांनी शेतकऱ्याला ठरलेल्या किमान दरापेक्षा जास्त ऊसदर दिला. आयकर खातं म्हणालं, हा जादा दर म्हणजे खर्च नव्हे, ही नफ्याची वाटणी, कर भरा. पैसे शेतकऱ्याच्या घरी जाऊन खर्चून झालेले, आणि मागणी उभी कारखान्यावर. वर्षानुवर्षं ही प्रकरणं चालली, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरळ एका बाजूने निकाल न देता, त्यातला नफ्याचा भाग किती ते तपासा म्हणून परत पाठवलं. २०१५ च्या कायद्याने पुढचा प्रश्न सुटला, मागचा तसाच. शेवटी फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ या आकारणी वर्षाच्या आधीचे पैसेही खर्च म्हणून धरायची मुभा मिळाली. सुमारे १० हजार कोटींचा दिलासा, असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं.

आता सांगा, हे प्रकरण टीव्हीवर 'शेतकऱ्याला जास्त भाव दिला म्हणून कर' असं कितीदा पाहिलंत? मला आठवत नाही. कारण 'साखर कारखाना' म्हटलं की पडद्यावर शेतकरी येत नाही, साखरसम्राट येतो. पांढरी टोपी, पांढरी गाडी. त्या चेहऱ्यामागे हजारो ऊसवाले होते, पण चेहरा त्यांचा नव्हता. प्रश्न सुटला तो फायलींवर आणि दिल्लीतल्या बैठकांत. यात राजकारण नव्हतं असं म्हणण्याइतका मी भोळा नाही.

आपल्या धंद्यातलंही एक आहे, आणि ते तर पणजीतच सुटलं. जीएसटी आल्यावर फिशमीलवर कर आहे की नाही, यावर घोळ होता. माशांचं खाद्य करमुक्त, मग माशांपासून केलेलं खाद्य? २०१८ च्या डिसेंबरअखेरीस खुलासा आला की फिशमीलवर पाच टक्के. खुलासा! म्हणजे पुन्हा 'पहिल्यापासून हेच होतं'. जुलै २०१७ पासूनची मागणी कारखान्यांच्या डोक्यावर आली. कारखाना अडचणीत आला की आपल्याकडची बारीक, बाजारात न खपणारी मासळी कोण आणि काय भावाने उचलणार, हे सांगायला नको. २० सप्टेंबर २०१९ ला जीएसटी परिषदेची ३७वी बैठक पणजीला झाली. तिथे शिफारस झाली की कायद्याच्या अर्थाबद्दल शंका होत्या, म्हणून १ जुलै २०१७ ते ३० सप्टेंबर २०१९ या काळासाठी फिशमीलला सूट. मात्र ज्याने गिऱ्हाइकाकडून कर गोळा केलाय, त्याने तो सरकारात भरायचा. ही अट मला फार आवडली. न्याय असाच दिसतो. तारीख बघितली, आणि प्रत्येकाच्या हातात खरोखर काय आलं ते बघितलं. कोण किती गरीब, कोण किती रडला, हा प्रश्न आलाच नाही.

आपणही चेहरा बघूनच मत बनवतो, हे कबूल करूया. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यं खनिजांवरचा कर १ एप्रिल २००५ पासूनचा वसूल करू शकतात, १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत, जुनं व्याज-दंड माफ. एकोणीस वर्षं मागे! तेव्हा आपल्या कट्ट्यावर काय बोललं गेलं? "खाणवाल्यांना बरी अद्दल घडली." मीही हसलो होतो. त्यांनी गोव्याचं काय केलं, हा वेगळा हिशेब आहे आणि तो मांडलाच पाहिजे. पण तारखेचा मुद्दा त्या दिवशी आपल्यापैकी एकानेही काढला नाही. उद्या पणजीतला कुणी टीव्हीपुढे बसून म्हणेल, "ट्रॉलरवाल्यांना डिझेलवर परतावा मिळतो, आता भाडं द्यायला काय जातंय?" आपण हसलो तसाच तो हसेल.

तर आपली नोटीस. कॅमेरा बोलवायचाच नाही असं माझं म्हणणं नाही. इंग्लंडच्या लोकांनी आवाज केला नसता तर मोर्स आलेच नसते, हेही खरं. पण त्यांचे खासदार आधी तयार झाले होते, कागद आधी तयार होते. आपल्याकडे आज काय तयार आहे? नवा दर कोणत्या तारखेच्या आदेशाने आला, त्या आदेशाची प्रत आपल्याकडे नाही. ती माहितीच्या अधिकारात मागवावी लागेल. मागच्या चार वर्षांत जुन्या दराने पैसे घेऊन त्यांनी पावत्या दिल्या, त्यांवर 'पूर्ण रक्कम मिळाली' असा शिक्का आहे का, ते कुणी बघितलेलं नाही. माझ्याकडच्या दोन पावत्यांवर आहे. अशा पन्नास पावत्या निघाल्या तर त्या कॅमेऱ्यापेक्षा मोठ्याने बोलतील.

आणि एक नाजूक गोष्ट, जी बैठकीत कुणी काढली नाही. आपल्यातल्या सातजणांचं जुन्या दराचंच भाडं थकलेलं आहे. यादी सचिवांकडे आहे. चॅनलवाला मुलगा हुशार असेल तर तो कार्यालयात जाऊन पहिली गोष्ट तीच मागेल, आणि बातमीचं नाव होईल 'जुनंच भाडं थकवलं, आणि वर आंदोलन'. मग चार वर्षांच्या फरकाचं कोण ऐकणार? त्या सातांत माझंही नाव होतं. पोराच्या ऑपरेशनच्या वर्षी दोन हप्ते राहिले ते राहूनच गेले. गेल्या सोमवारी भरले, पावती संस्थेत दिली आहे. बाकी सहाजणांना मी दोष देत नाही, माझ्या तोंडाला ते शोभणारही नाही. अडचण असेल तर संस्थेच्या मदत निधीतून उचल घेता येईल का, ते अध्यक्षांना विचारतोय.

पत्रकारांशी बोलायची वेळ आलीच तर एकानेच बोलावं, आणि तारखेवरच बोलावं. आदेश अमुक तारखेचा, मागणी त्याच्या चार वर्षं आधीपासूनची. पुढच्या महिन्यापासून नवा दर घ्या, आम्ही देतो; मागचा नाही. एवढंच, पुन्हा पुन्हा, कितीही फिरवून विचारलं तरी. कुणाच्या घरात कॅमेरा न्यायचा नाही. कुणाला आपली गोष्ट सांगायचीच असेल तर घरच्यांना विचारून, दोन दिवस विचार करून. आणि पत्रकारही सगळे सारखे नसतात. आपल्या भागात वीस-वीस वर्षं बातमीदारी करणारे, मासळी बाजारात स्वतः येऊन भाव विचारणारे आहेत. आधी त्यांच्याकडे कागद घेऊन जाऊ. एका दिवसासाठी माइक घेऊन येणाऱ्याकडे नंतर.

त्या तरुण सभासदाशी मी काल बोललो. रागावला नाही. म्हणाला, "मग पावत्या गोळा करायचं काम माझ्याकडे द्या, काका." दिलंय. येत्या रविवारी सकाळी दहापासून तो संस्थेच्या ऑफिसात बसणार आहे. मागच्या चार वर्षांच्या भाड्याच्या पावत्या, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही, घेऊन या. मूळ पावती कुणाच्याही हातात ठेवून जाऊ नका, शिक्का बघून, झेरॉक्सवर सही करून मूळ परत न्या. पावसात भिजलेल्या, अर्धवट वाचता येणाऱ्या असतील त्याही आणा.